किशोरवयात गाजलेली धावपटू पुन्हा स्पर्धेत उतरू शकते का?

तुम्ही लिहिलंय की १७व्या वर्षापर्यंत १५०० मीटरमध्ये कुमार गटात कायम पहिल्या तिघींत असायचात, १९व्या वर्षी धावणं सुटलं आणि आता २७ पूर्ण झाली. पुन्हा स्पर्धेच्या पातळीवर येता येईल का, कुठली शर्यत धरावी आणि जुन्या सरांकडेच जावं का, असं विचारलंय. शेवटी सहज एक वाक्य जोडलंय, "सर म्हणायचे, तुझे पाय गेले नाहीत, मन गेलं." ते वाक्य वाचलं नसतं तर कदाचित मी उत्तर लिहायला बसले नसते.

येता येईल. मध्यम आणि लांब पल्ल्याला २७ म्हणजे उतरतं वय नव्हेच. १०० मीटरवाली असतात तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. आता त्या वाक्याबद्दल.

माझी १५०० मीटरची सर्वोत्तम वेळ ४:२८ (मिनिटं:सेकंद), वय १७, साल २००५. प्रशिक्षक म्हणजे माझे बाबा. त्यांची एक वही होती, खरं तर एकामागोमाग चार वह्या झाल्या. पट्टीने आखलेले रकाने : सकाळची नाडी, वजन, झोपेचे तास, अंतर, प्रत्येक लॅपची वेळ, शेरा. वजन लाल शाईत. पुठ्ठ्याला आतून दक्षिण आफ्रिकेची धावपटू झोला बड हिचं कात्रण चिकटवलेलं होतं. १९८४, वय १७, ५००० मीटर १५:०१.८३, आणि तेही अनवाणी. तिच्या देशावर बंदी होती म्हणून तो जागतिक विक्रम अधिकृत धरला गेला नाही, हे बाबा प्रत्येक वेळी चिडून सांगायचे, जणू त्यांच्याच घरातल्या पोरीवर अन्याय झालाय. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुझ्याच वयाची होती."

त्या वहीत पाळीचा रकाना नव्हता. माझी पाळी १४ महिने आली नव्हती. आईला माहीत होतं, तिने एकदा विषयही काढला. बाबा म्हणाले, जोरात सराव करणाऱ्या मुलींचं असंच असतं, चांगलं लक्षण आहे. त्या काळी ट्रॅकवर बहुतेक सगळे असंच मानायचे. मला तर त्याचा अभिमान वाटायचा.

२००६च्या जानेवारीत उजव्या नडगीत दुखायला लागलं. पोटरी भरून येते तसं पसरट दुखणं ते नव्हतं. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा, नाण्याएवढी. आधी फक्त स्पाइक्स, म्हणजे शर्यतीचे खिळ्यांचे बूट, घातल्यावर दुखायचं, मग साध्या जॉगिंगलाही, मग रात्री झोपेत. तीन आठवडे मी ते दाबलं. फेब्रुवारीत १५०० ची फायनल होती. शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा मी दुसरी होते. ३०० मीटर उरले आणि पायाने जमीन ढकलणंच सोडलं. श्वास होता, समोर धावणारीची पाठ दिसत होती, पण उजवा पाय टेकला की गुडघा नको तिकडे जायचा. सातवी आले.

त्या रात्री बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : "शेवटचे ३०० मीटर. मन कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. स्वच्छ आला. तो स्वच्छ एक्स-रे बाबांच्या वाक्यावरचा शिक्का ठरला. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक भेग, सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबत जोरात धावायचा सराव, सुरू. पाच आठवड्यांनी एमआरआय झाला तेव्हा हाडात आडवी भेग सापडली. प्लास्टर, कुबड्या, सगळं झालं. पण वहीतलं ते वाक्य कुणी खोडलं नाही, आणि मला ते इतकं पटलं की पुढची १३ वर्षं मी स्वतःला मनाने कच्ची समजून जगले. नोकरीतल्या मुलाखतींत, नात्यांत, सगळीकडे. लोकलाजेला घाबरून नव्हे, मला तसं खरंच वाटायचं.

२०१९च्या नोव्हेंबरमध्ये मेरी केन जाहीरपणे बोलली. ही अमेरिकेची मुलगी २०१३ साली, १७व्या वर्षी, ८०० मीटर १:५९.५१ मध्ये धावली होती आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत १५०० ची फायनल गाठली होती. ती सांगत होती की वजन उतरवण्याच्या दडपणाखाली तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. रात्री साडेअकरा वाजता मी माळ्यावरून बाबांच्या वह्या काढल्या.

मोजलं. जानेवारी २००५ ते त्या फायनलपर्यंतच्या १३ महिन्यांत मी न धावलेले दिवस ११. त्यातले नऊ तापाचे. आठवड्यातले चार, कधी पाच दिवस जोराचे. शेऱ्यात "सावकाश" असा शब्द सबंध वर्षात दोनदा. वजनाची लाल रेघ खाली चाललेली, नाडी वर, आणि लॅपच्या वेळा मे महिन्यापासून सुधारायच्या थांबलेल्या. सगळं त्यांच्याच अक्षरात. शरीर नऊ महिने ओरडून सांगत होतं आणि आम्ही ते नीट आखलेल्या रकान्यांत टिपून ठेवत होतो.

खाणं सरावाला पुरेनासं झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, इस्ट्रोजेन उतरतं, हाड नव्याने भरायचं राहून जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' हे नाव दिलं, आणि ते मुलग्यांनाही होतं. या अवस्थेत शेवटच्या ३०० मीटरला पाय सुटला तर त्याला मन म्हणत नाहीत. तुमच्या सरांचं वाक्य मी म्हणूनच खोटं मानते. तुमची एकही वही पाहिलेली नसताना मानते. १९व्या वर्षी सुटलेल्या दहा मुलींच्या गोष्टी ऐका. नडगी, पायाची बोटं, कमरेखालचं हाड, रक्तातलं लोह, पाळी, हेच ऐकू येईल.

मी ३१व्या वर्षी परत सुरुवात केली. पुढच्या वर्षी कोविडमुळे सगळ्या शर्यती बंद पडल्या, आणि मला त्याचा फायदाच झाला, कारण "कधी उतरतेयस?" असं विचारणारं कुणी उरलं नाही. तरी पहिली चूक मी केलीच, आणि ती तुम्हीही कराल म्हणून सांगते. दम फार लवकर परत येतो. सराव सुटल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाचा प्रत्येक ठोका कमी रक्त ढकलतो, म्हणून दम सगळ्यात आधी जातो. परततोही तोच आधी. आठ-दहा आठवड्यांत छाती जुन्या वेगाला होकार देते. टाचेमागचा स्नायूबंध आणि हाड मात्र महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होतात. नव्याने धावणारीला हा धोका कमी, तिची छातीच तिला थांबवते. आपल्याला ४:२८ चा वेग पायांत पाठ असतो. ११व्या आठवड्यात मी सहा वेळा ४०० मीटर मारले, घड्याळ बघून रडले इतक्या छान वेळा आल्या, आणि दुसऱ्या दिवशी टाच जमिनीला टेकवता येईना. चार महिने गेले. पहिले सहा महिने स्पाइक्स घरी आणू नका. रोजचं धावणं असं हवं की शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. जोराचे दिवस आठवड्यात दोन, बस्स. याला आळस म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊ नका, म्हणजेच तुमच्या सरांकडे जाऊ नका.

शर्यत बदला. १५०० तुमच्या ओळखीची आहे आणि तिथेच तुमची जुनी वेळ उभी आहे. दर लॅपला तिच्याशी तुलना होईल. ५००० ला तुमची जुनी वेळच नसेल. केनियाचा एलियुड किपचोगे २००३ मध्ये १८व्या वर्षी एल गरूज आणि बेकेले या दोन दिग्गजांना ५००० मीटरमध्ये हरवून जगज्जेता झाला, २०१२ मध्ये त्याला ऑलिंपिक संघात जागाही मिळाली नाही, मग पुढच्या वर्षी तो मॅरेथॉनकडे वळला आणि ३७व्या वर्षी ती २:०१:०९ तासांत धावला. अमेरिकेची मॉली सायडल शाळेत असताना देशाची क्रॉस-कंट्री विजेती होती. खाण्याच्या आजारावर उपचार घ्यायला २०१६ ची ऑलिंपिक निवड चाचणी तिने सोडली. २०२० मध्ये आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावली, ती थेट निवड चाचणीत, दुसरी आली, आणि टोकियोत कांस्य मिळवलं. आपली पी. टी. उषा १६व्या वर्षी मॉस्को ऑलिंपिकला गेली, १९९१ मध्ये थांबली, मुलगा झाला, आणि १९९८ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३४व्या वर्षी २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्य. २०० आणि ४००, लक्षात घ्या. वर मी वेगाच्या शर्यतींबद्दल जे म्हटलं त्याला ती अपवाद आहे.

आणि अमेरिकेची मेरी डेकर. बाबांच्या कात्रणातल्या झोला बडची १९८४ च्या ऑलिंपिक फायनलमध्ये जिच्याशी टक्कर झाली ती. तिची पहिली अर्धी गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली नाही. १९७३ मध्ये १४ वर्षांची असताना ती मोठ्या बायकांना हरवत होती, मग पोटऱ्यांच्या दुखण्याने वर्षानुवर्षं बाहेर बसली, स्नायूंवरचं आवरण चिरण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि १९८३ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत २५व्या वर्षी १५०० आणि ३००० दोन्ही जिंकली. १७व्या वर्षी प्लास्टरमध्ये पडलेल्या मुलीला बडचं कात्रण कशाला, हे हवं होतं. मी बाबांना हे तोंडावर सांगितलं. वह्या, एमआरआयचा अहवाल, माझी बेरीज, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाले, "त्या दिवशी एक्स-रे स्वच्छ होता." आणि थोड्या वेळाने, "या वह्यांमुळेच ४:२८ आली, तेही लिही कुठेतरी."

लिहिलं. ते खरंही आहे. पाच वर्षं हा माणूस रोज पहाटे साडेचारला माझ्यासाठी उठला. पण ती ओळ त्यांनी खोडलेली नाही.

३४व्या वर्षी मी ५००० मीटर १६:५२ मध्ये धावले, खुल्या गटात तिसरी, पहिल्या दोघी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. १५०० ला ४:३६ च्या खाली आजवर गेले नाही आणि जाईन असं वाटत नाही. स्पर्धात्मक म्हणजे तुमच्या मनात जुनी वेळ असेल, तर माझं उत्तर "कदाचित" इथवरच येतं. पहिल्या तिघींत राहून शेवटचा लॅप लढणं असेल, तर दोन-तीन वर्षं धरा. ३५ नंतर मास्टर्स गट आहेच, पण तुम्हाला त्याची इतक्यात गरज नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. किशोरवयात पाळी बराच काळ बंद राहिली असेल, तर पहिला किलोमीटर धावण्याआधी हाडांच्या घनतेची तपासणी आणि फेरितिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) करून घ्या. हाडांचा बहुतांश साठा त्याच वर्षांत होतो, तेव्हा राहिलेली तूट नंतर पूर्ण भरून निघतेच असं नाही. माझी निघालेली नाही आणि माझा सराव त्या हिशेबाने बेतलेला आहे. मध्ये बाळंतपण झालं असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओ आधी, धावणं नंतर. मी डॉक्टर नाही. तुमचे सर माझ्या बाबांसारखेच होते असं मी गृहीत धरलंय, ते चूकही असू शकतं.

वही ठेवा. पाळीचा रकाना पहिला आखा, वजनाचा आखूच नका. आणि नडगीतलं दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, तर त्या दिवशी धावू नका, एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी.