नायट्रो ट्रकची गिअरपेटी सुधारताना

नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोट-कंट्रोल मॉडेल ट्रकच्या गिअरपेटीत स्टीलचे गिअर बसवावेत का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही या छंदात नवीन आहात, म्हणून स्टीलचे गिअर मागवण्यापूर्वी जुनी पेटी उघडून नेमके काय झिजले आहे ते पाहावे, असे आवर्जून सुचवतो. आपल्याकडे कर्दे-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ट्रक पळवला, की दात तुटण्याआधी बहुधा बेअरिंग खराब होतात. बारीक वाळू आणि खारा ओलावा सीलमधून आत शिरतो. बेअरिंग बोटाने फिरवताना खरखर जाणवली, तर ते बदलावेच.

स्पर गिअर (इंजिनाकडून फिरवले जाणारे मोठे दातेरी चाक) मात्र मी प्लास्टिकचाच ठेवतो. उडीनंतर जड चाके जमिनीला टेकताना बसणारा झटका कुठेतरी जिरावा लागतो. सगळेच गिअर स्टीलचे केले, तर तो झटका पुढे डिफरन्शियलवर (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर) जातो आणि ती दुरुस्ती फार महाग पडते. स्लिपर क्लच (जास्त झटका बसला की थोडा घसरणारा क्लच) याच कामासाठी असल्यामुळे तो पूर्ण आवळू नये.

ओल्या वाळूत इंजिनावर ताण येतो. ६६ दातांच्या स्परला २० ऐवजी १८ दातांची क्लच बेल (स्परला फिरवणारे इंजिनाकडचे लहान दातेरी चाक) लावल्यास गुणोत्तर ३.३ वरून सुमारे ३.६७ होते, कमाल वेग थोडा घटतो, पण ओढ वाढते. दात जुळवताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिनाचे स्क्रू आवळावेत. बाहेर काढलेल्या पट्टीवर दातांच्या घड्या स्पष्ट दिसाव्यात, पण ती फाटलेली नसावी. दोन गतींच्या पेटीचा शिफ्ट स्क्रू (दुसरी गती केव्हा लागावी ते ठरवणारा) एका वेळी एक-अष्टमांश फेराच फिरवावा आणि प्रत्येक बदलानंतर ट्रक चालवून पाहावा.