अल्फाचं ॲल्युमिनियम ट्विन-कॅम: १६००, १७५० की २०००?

जुनी अल्फा रोमिओ स्पायडर घ्यायची तर १६००, १७५० की २०००, असा तुमचा प्रश्न. विकणारा म्हणतो, ‘इंजिन एकच, फक्त सीसी वेगळे.’ त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे.

हे इंजिन मुळात अल्फाच्याच १९५४ च्या जुलिएत्ता स्प्रिंट या गाडीचं, १२९० सीसीचं. अल्फाच्या आधीच्या ‘१९००’ नावाच्या मॉडेलचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, बिडाचा होता. अल्फाचे डिझाइनप्रमुख ओराझिओ सात्ता पुलिगा यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी इथे ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे केले. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकला आधार देणारी पाच मेन बेअरिंग, वर हेडमध्ये साखळीने फिरणारे, व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट (म्हणून ‘ट्विन-कॅम’), अर्धगोल ज्वलनकक्ष. साध्या कुटुंबाच्या गाडीत हे त्या काळी फार मोठं धाडस होतं, आणि मला आजही त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

पिस्टन मात्र ॲल्युमिनियमवर घासत नाही. बिडाचे चार सुटे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या, ब्लॉकमध्ये बसवलेले असतात आणि त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. खाली रबरी रिंग, वर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधला सील), एवढ्यावरच त्यांची पकड. लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलीमीटरच्या काही शतांशांनी वर हवी, तरच गॅस्केट नीट दाबलं जातं. म्हणून हेड उतरवल्यावर लायनर क्लॅम्पने दाबून ठेवल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही. फिरवला की लायनर वर सरकतो, खालची रिंग सुटते आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. हेडचं काम म्हणून सुरू झालेलं मग पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं.

आता आकार. १६०० प्रत्यक्षात १५७० सीसी: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८२ मिमी. १७५० प्रत्यक्षात १७७९ सीसी, ८० × ८८.५. २००० म्हणजे १९६२ सीसी. स्ट्रोक तोच, बोअर ८४. बोअर वाढला तशी दोन लायनरमधली जागा आकसली. अल्फाच्या जीटीएएम या रेसिंग गाडीत तर चारही लायनर एकाच तुकड्यात केले होते. तिची धाकटी रेसिंग बहीण जीटीए १३०० ज्युनियर उलट वाटेने गेली: सीसी जुलिएत्ताइतकेच, पण ७८ × ६७.५, म्हणजे आखूड स्ट्रोक आणि चढे आरपीएम. १९८० च्या अमेरिकन स्पायडरमध्ये इनटेक कॅमचं (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं) टायमिंग बदलणारी यंत्रणा आली, आणि १९८७ मध्ये अल्फा ७५ ला दर सिलिंडरला दोन प्लगचं ट्विन स्पार्क. १९९६ पासूनचं सोळा व्हॉल्व्हचं ट्विन स्पार्क मात्र फियाटच्या बिडाच्या ब्लॉकवरचं आहे; नाव तेच, इंजिन वेगळं.

माझी पसंती १७५० ला. खालून जोर भरपूर आणि वर फिरायलाही मोकळं. २००० जास्त ताकदीचं, रोज चालवायला सोपंही, पण त्यात हेड गॅस्केट आधी बघा. ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटांभोवतीच्या छोट्या रिंगा कडक झाल्या की ऑइल पाण्यात जातं. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनवर उघडा. आत तपकिरी साय दिसली तर किंमत त्या हिशेबाने बोला.

टॅपेटचा, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधल्या भागांचा, आवाज येत असेल तर घाबरू नका, पण खर्च धरा. व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या बकेटखालचे शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलायला कॅमशाफ्ट काढावे लागतात. एकदा नीट बसवले की खूप वर्षं हात लावावा लागत नाही. आणि नळाचं पाणी कधीच भरू नका, चांगलं कूलंटच घाला. ॲल्युमिनियमचा ब्लॉक आतून खायला लागला तर बाहेरून काहीच कळत नाही.