चित्रातल्या गर्दीला चेहरे का नसतात?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच तऱ्हेच्या चित्रांबद्दल आहेत, म्हणजे शहरातला रस्ता, पाऊस, दिवे, गर्दी आणि हे सगळं जाड रंगात, मोकळ्या फटकाऱ्यांत. मला स्वतःला हीच चित्रं सगळ्यात जास्त जवळची, त्यामुळे उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : ताई, मोठ्या हौसेने एक चित्र घेतलं. संध्याकाळचा ओला रस्ता, दोन्ही बाजूंना उंच बिल्डिंगा, छत्र्या घेतलेली माणसं. मला ते बघताक्षणी आवडलं होतं, पण भिंतीवर लावल्यापासून बाबा रोज म्हणतात की हे अर्धवट सोडलेलं काम आहे, माणसांना तोंडं नाहीत, खिडक्या वाकड्या, एक बिल्डिंग तर चक्क कललेली. मला का आवडलं ते त्यांना नीट सांगता येत नाही. हे खरंच पूर्ण चित्र आहे का?

उत्तर : हो, पूर्ण आहे. बाबांना वाद घालून पटवू नका, त्यांना एक करायला सांगा. गर्दीच्या रस्त्यावरून चालून घरी आले की डोळे मिटून आठवायचं, समोरून आलेल्या किती जणांचे चेहरे लक्षात आहेत? बहुतेक एकही नसतो. लक्षात राहते एखादी लाल छत्री, कुणीतरी घाईघाईत रस्ता ओलांडला ते, अंगावर आलेला हेडलाइटचा उजेड, आणि वर कुठेतरी उरलेला आभाळाचा तुकडा. तुमच्या चित्रकाराने हेच रंगवलंय. खिडक्या किती होत्या हे मोजून काढणं त्याला अवघड नव्हतं, त्याने ते मुद्दाम सोडलंय, आणि अशा चित्रात काय सोडायचं हे ठरवण्यातच अर्धी मेहनत जाते.

आता बाबांना चित्राच्या अगदी जवळ उभं करा, हातभर अंतरावर. तिथून फक्त रंगाचे गोळे दिसतील. मग एकेक पाऊल मागे यायला सांगा, कुठल्यातरी पावलाला त्या गोळ्याचा माणूस होतो, आणि तो नेमका कुठल्या पावलाला झाला ते त्यांनाच ओळखू दे. मग त्यातला एकच माणूस नीट बघा. डोक्याला एक ठिपका, अंगाला पॅलेट नाइफचा, म्हणजे रंग लावायच्या बोथट पात्याचा, एक ओढ, आणि पाय? दोन्ही पाय सारख्या लांबीचे काढले तर माणूस खांबासारखा उभा राहतो. चालणारा दाखवायचा तर एक पाय जमिनीपर्यंत आणि दुसरा थोडा आखूड, कारण तो उचललेला असतो. एवढ्या एका आखूड फटकाऱ्यावर माणूस चालायला लागतो! हे चुकून होत नाही हो, हे करून करून हातात बसतं.

अजून एक बघा, चित्रातल्या माणसांची डोकी. रस्ता सपाट असेल आणि चित्रकार त्याच रस्त्यावर उभा असेल तर जवळच्या माणसाचं डोकं आणि लांबच्याचं डोकं साधारण एकाच आडव्या रेषेवर येतं, पाय मात्र लांब जाताना वर वर सरकतात. रेषा वाकड्या असल्या तरी हे गणित बरोबर असेल तर आपण त्या रस्त्यावर उभे आहोत असं वाटतं, आणि हे चुकलं की कितीही बारीक रंगवा, लांबची माणसं जवळच उभ्या असलेल्या बुटक्यांसारखी दिसतात.

बाबांची तक्रार तशी जुनीच आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1873 मध्ये पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता वरच्या मजल्यावरून रंगवला, खाली चालणारी माणसं म्हणजे नुसते काळसर फटकारे. 1874 च्या प्रदर्शनात ते चित्र लागलं तेव्हा लुई लेरॉय नावाच्या समीक्षकाने या माणसांना जिभेने चाटल्यासारखे डाग म्हणून हिणवलं होतं. आज त्या फटकाऱ्यांत लोकांना थंडीतली गर्दी दिसते. आणि कललेल्या बिल्डिंगांबद्दल म्हणाल तर जर्मन चित्रकार किर्शनरची 1913 ते 1915 ची बर्लिनच्या रस्त्यांची चित्रं बघा, टोकदार माणसं, अंगावर आल्यासारखा रस्ता, हिरवट-गुलाबी रंग. त्या शहरात वावरताना जी तगमग त्याला जाणवत होती ती सरळ रेषेत मावलीच नसती. तुमच्याही चित्रात बिल्डिंग कुठल्या बाजूला कललीय ते बघा, रस्त्याच्या बाजूला असेल तर अंगावर भिंती आल्यासारखं वाटतं, आणि मधला आभाळाचा तुकडा अजून लहान, अजून मोलाचा होतो.

प्रश्न : मी ऑईल कलर आणि पॅलेट नाइफने रात्रीचा रस्ता रंगवते. सुरुवात छान होते, पण तासाभरात सगळं चिखल होतं. दिवे पेटलेले वाटतच नाहीत, कितीही पिवळा लावला तरी. काय चुकतंय?

उत्तर : दोन वेगवेगळ्या गोष्टी चुकतायत, त्या एकत्र झाल्यामुळे चिखल.

पहिली म्हणजे नाइफ. ओल्या रंगावर नाइफ दोनदा फिरली की खालचा रंग वर येतो, चौथ्यांदा फिरली की सगळं राखाडी. रंग पॅलेटवरच पूर्ण मिसळून घ्या, नाइफच्या कडेला भरपूर उचला, एकदाच ठेवा आणि हात काढून घ्या. प्रत्येक फटकाऱ्यानंतर नाइफ पुसायची, हे कंटाळवाणं आहे पण याला दुसरा इलाज नाही. नाही जमला तर त्यावर दुरुस्ती करत बसू नका, तेवढा भाग खरवडून काढा आणि परत लावा. लंडनमध्ये चित्रकार फ्रँक ऑवरबाख 1954 पासून एकाच स्टुडिओत काम करत राहिले, आजूबाजूचे तेच रस्ते रंगवले, आणि दिवसभराचं काम मनासारखं नाही झालं की खरवडून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे खरवडताना जीव तुटतो हे मान्य, पण वाया काहीच जात नाही, मागे राहिलेला तो पुसट थर पुढच्या थराला फार सुंदर आधार देतो.

दुसरी गोष्ट दिव्याची. दिवा पिवळ्याने पेटत नाही, त्याच्या भोवतीच्या अंधाराने पेटतो. काळ्या ट्यूबला हात लावू नका, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळा, त्यातून जिवंत असा गडद रंग मिळतो आणि निळा जास्त घेतला की तो थंड होतो. मग त्या थंड अंधारात नारिंगीकडे झुकणारा छोटा ठिपका ठेवा, मधोमध जवळजवळ पांढरा. निळा आणि नारिंगी एकमेकांचे विरोधी रंग, शेजारी आले की दोघंही उठून दिसतात. पूर्ण चित्रात सगळ्यात उजळ जागा एक किंवा दोनच ठेवा, वीस दिवे सारखेच प्रखर केले तर एकही पेटणार नाही. मध्ये मध्ये डोळे किलकिले करून बघत जा, बारकावे जातात आणि गडद-उजळाचे मोठे आकार तेवढे उरतात, ते जमलेत का हे लगेच कळतं.

मोनेच्याच काळातला चित्रकार पिसारो, त्याने 1897 मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून एकच रस्ता वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हवेत रंगवला, त्यात एक रात्रीचं चित्र आहे. त्याचे दिवे बघा, किती थोड्या रंगात उजळलेत!

आणि ऑईलमध्ये थरावर थर देणार असाल तर खाली पातळ, कमी तेलाचा रंग, वर जास्त तेलाचा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि तडे जातात.

प्रश्न : ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब फोटोवरून कॉपी करतो, तरी पाणी वाटत नाही, काच वाटते.

उत्तर : कारण कडा फार स्वच्छ ठेवताय. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली उतरतं, तिरकं जात नाही, त्यामुळे आधी उभे ओढ द्या. मग रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने हलकेच एक-दोनदा आडवं फिरवा, तिथे पाणी तयार होतं. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद ठेवा आणि गडद वस्तूचं किंचित उजळ. आणि फोटो दहा मिनिटं बघून बाजूला ठेवा, फोटो सगळंच सारखं महत्त्वाचं दाखवतो, तुम्हाला तिथे थांबावंसं का वाटलं ते त्यात नसतं.

प्रश्न : जाड रंगाच्या चित्राला काच लावावी का? धूळ कशी काढायची?

उत्तर : शक्यतो नको, लावलीच तर काच रंगाला टेकता कामा नये. धुळीसाठी मऊ, कोरडा, रुंद ब्रश, वरून खाली. ओलं फडकं अजिबात नको, खाचांत पाणी आणि मळ अडकतो. अॅक्रिलिकची दोन चित्रं समोरासमोर टेकवून ठेवू नका, उकाड्यात तो रंग मऊ होऊन चिकटतो.

प्रश्न : हाताने रंगवलेलं म्हणून दाखवलेलं चित्र खरंच तसं आहे की प्रिंटवर नुसता थर दिलाय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी कडेवरून मारा. उंचवट्यांच्या सावल्या पडतील. आता एक फटकारा निवडा, उदाहरणार्थ छत्रीचा लाल, आणि रंग जिथे संपतो तिथेच उंचवटा संपतो का ते बघा. खऱ्या फटकाऱ्यात रंग आणि उंचवटा एकच असतो. प्रिंटवर पारदर्शक जेल फिरवलेलं असेल तर ब्रशचे ओरखडे लाल, निळा, करडा असे सगळे रंग बिनदिक्कत ओलांडून जातात. मग भिंग घेऊन उजळ जागा बघा, बारीक बारीक ठिपके दिसले तर तो प्रिंट. कॅनव्हासची बाजूची कडही बघून घ्या, हाताने काम केलेलं असेल तर तिथे बऱ्याचदा ओघळलेला रंग आणि बोटांचे ठसे सापडतात.