‘हळूहळू’ म्हणजे मिनिटाला किती?

प्रिय,

तुझा मेल वाचला. ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये पीएच.डी., पेपर दोनच, कंपनीत घेतील का? घेतील. पेपर मोजत बसायला मुलाखतीत कुणाला वेळ नसतो. फक्त थीसिस जमा करूनच रुजू हो. ‘नोकरी करता करता शेवटचं प्रकरण लिहीन’ म्हणणारी किती मुलं चार-चार वर्षं अडकलेली पाहिलीत मी!

मी औषध कंपनीच्या प्रोसेस विभागात आले तेव्हा माझ्या पहिल्याच कृतीत एक वाक्य होतं: ‘रिएजंट हळूहळू घालणे.’ रिएजंट म्हणजे रिॲक्शन घडवून आणणारं रसायन. माझं हळूहळू म्हणजे हात थेंब थेंब सोडणाऱ्या ड्रॉपिंग फनेलवर, डोळा थर्मामीटरवर. ती कृती किलो लॅबमध्ये, म्हणजे ग्रॅमऐवजी किलोत माल बनतो तिथे, गेली. पहाटे तीनला ऑपरेटरने त्याच्या हिशेबाने हळूहळू घातलं. तापमान चढलं, बॅच काळी पडली. सकाळी मी त्याच्यावर चिडायच्या तयारीतच खाली उतरले. बॉसने माझाच कागद माझ्यापुढे धरला: ‘हळूहळू म्हणजे मिनिटाला किती मिली?’

मला उत्तर देता आलं नाही. पीएच.डी.ची पाच वर्षं माझ्या रिॲक्शन फक्त मीच केल्या होत्या ना.

पीएच.डी.त एखादी गोष्ट एकदा जमली की तिचा पेपर होतो. इथे ती दुसऱ्याच्या हातून, तू घरी झोपलेली असताना, प्रत्येक वेळी तशीच जमावी लागते. एक लिटरच्या फ्लास्कचा आकार तसाच ठेवून १००० लिटरचा रिॲक्टर केला, तर आतला माल १००० पट होतो, पण थंड करणारी भिंत १०० पटच वाढते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंडावा दहावा हिस्सा. तुझी वीस मिनिटं तिथे कित्येक तास होतात, आणि तेवढा वेळ तुझं इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या टप्प्यावर बनलेलं संयुग, टिकतं का, हे तुला ठाऊक नसतं. केमिकल इंजिनिअरशी पहिल्या आठवड्यातच ओळख कर. आपण केमिस्ट लोक उगाच त्यांच्याशी तोऱ्यात वागतो. सिलिका भरलेल्या कॉलममधून माल शुद्ध करायचा मोहही सोड, १०० किलो माल त्यातून कोण काढणार? स्फटिक पाडायला शिक. ईथरही विसर, ते चटकन पेट घेतं.

यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, वाढलं की आपल्याला आनंद होतो. व्हॅल्सार्टनची गोष्ट मात्र लक्षात ठेव. या रक्तदाबाच्या औषधाच्या एका उत्पादकाने २०१२ साली प्रक्रिया बदलली. नव्या प्रक्रियेत डीएमएफ हा द्रावक होता आणि उरलेलं ॲझाइड हे रसायन संपवायला सोडियम नायट्राइट. डीएमएफमधल्या डायमिथाइलअमीनशी नायट्राइट जुळलं आणि एनडीएमए हे संयुग तयार झालं, कॅन्सरचा धोका असलेलं. २०१८ साली ते सापडलं आणि देशोदेशी गोळ्या परत मागवाव्या लागल्या. म्हणून क्वालिटीवाले ‘ही इम्प्युरिटी कुठून आली?’ असं दहाव्यांदा विचारतील तेव्हा वैतागू नकोस. (वैतागशीलच. मी अजून वैतागते.)

एक गोष्ट मात्र जड जाईल. दीड वर्ष राबलेला प्रोजेक्ट एखाद्या मंगळवारी दुपारच्या मीटिंगमध्ये बंद होतो. तुझी केमिस्ट्री चुकलेली नसते. बाजार बदललेला असतो, नाहीतर दुसऱ्या कुणाचा रूट, म्हणजे तेच औषध बनवायचा मार्ग, स्वस्त निघालेला असतो. त्याचा पेपरही होत नाही. पहिल्यांदा मी घरी येऊन रडले होते. दुसऱ्यांदा वही बंद केली आणि कॅन्टीनला गेले.

पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचं म्हणशील तर, नवं काही शिकायचं असेल तर जरूर जा. निर्णय पुढे ढकलायचा म्हणून जाऊ नकोस.

आता एक काम कर. थीसिसमधली तुझी सगळ्यात आवडती कृती शेजारच्या बेंचवरच्या ज्युनिअरला दे, जशी लिहिली आहेस तशीच. मग हाताची घडी घालून उभी राहा, एक शब्द बोलायचा नाही. किती वेळा तोंड उघडावंसं वाटलं, ते मोजून मला कळव.

तुझी,
ताई