बोअरचं पाणी वर चढलं म्हणून आणखी खोल जाऊ नका

प्रश्न : बोअरला १८० फुटांवर पाणी लागलं आणि ते ६० फुटांपर्यंत वर आलं. गाडीवाला म्हणतो, हे आर्टेशियन पाणी आहे, ५०० फुटांपर्यंत चला, मोटरीशिवाय वर वाहील. जावं का, की विहीर खोदावी? (सिन्नर तालुका)

उत्तर : जाऊ नका. गाडीवाल्याला फुटावर पैसे मिळतात, पाण्यावर नाही.

पाणी दाबाखाली आहे, एवढं त्याचं खरं. वर काळा पाषाण किंवा गेरू (तांबड्या मातीचा घट्ट थर), त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा खडक, आणि त्यात लांबच्या उंच रानात मुरलेलं पाणी कोंडलेलं असतं. वरचा थर फुटला की ते चढतं. दाबाची पातळी जमिनीच्या वर असेल तरच ते आपोआप वाहतं. उत्तराखंडच्या तराईत अशा वाहत्या बोअर विहिरी आहेत; तिथे डोंगरपायथ्याला मुरलेलं पाणी खाली चिकणमातीच्या थराखाली अडकतं. तुमचं पाणी ६० फुटांवर थांबलं, म्हणजे त्या थराचा दाब तेवढाच. खोली वाढवून तो वाढत नाही.

उलट नुकसान होतं. खालच्या मांजऱ्यात दाब कमी असेल, तर वरचं लागलेलं पाणी त्याच भोकातून खाली निघून जातं. 'दीड इंच पाणी होतं, खोल गेलो आणि गेलं' ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. बोअर चालू असताना दर १० फुटांचा चुरा मूठभर ओळीने मांडून ठेवा. काळा, मग तांबडा, मग पांढरे ठिपके असलेला, असा थर डोळ्यांना दिसतो. पाणी लागल्यावर पुन्हा तांबडा चुरा येऊ लागला, म्हणजे खालचा गेरू लागला, की गाडी थांबवा. गाडीवाला 'अजून दोनच रॉड' म्हणेल. थांबवाच. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) पक्का खडक लागेपर्यंत घाला, तिथे तो पाइप वाचवायला बघतो.

मुरमाखाली फुटका खडक असेल तर माझं मत साध्या विहिरीला. ४०-५० फूट खोदा आणि झरा दिसेल त्या बाजूला आडवे बोअर मारा. साठा मिळतो, गाळ काढता येतो, पुनर्भरणही सोपं. मात्र ओढ्याचं गढूळ पाणी गाळणीशिवाय आत सोडू नका, बोअरमध्ये तर अजिबात नाही. जळगावकडच्या रावेर-यावलच्या गाळाच्या जमिनीतली जाळीच्या पाइपची ट्यूबवेल हा वेगळा प्रकार. तिथला हिशेब इथे लावू नका.

जागा आणि खोली ठरवायची ती एप्रिल-मेमध्ये. दिवाळीत विहीर तुडुंब दिसते आणि माणूस फसतो. पाणाड्याचा नारळ उभा राहिला म्हणून खड्डा घेऊ नका, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्या. मोटर सगळ्यांत शेवटी. आधी उपसा करा, पाणी पुन्हा किती तासांत भरतं ते घड्याळ लावून बघा, मगच एचपी ठरवा. दुकानदार साडेसातची गळ्यात मारतो, विहीर तासाभरात कोरडी पडते आणि मोटर जळते.

योजना : नवीन विहिरीला अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन, जमातीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती. किमान ०.४० हेक्टर जमीन आणि पाणी उपलब्धतेचा दाखला लागतो. बाकी अटी पंचायत समितीत विचारा. भूजल कायद्याखाली अधिसूचित केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरीला किंवा बोअरला मनाई आहे. ५०० फुटांची गोष्ट करणाऱ्याला आधी हे विचारा.