पाचोळा, अळ्या आणि न उगवलेल्या बिया

प्रश्न : आमच्या आवारात आंबा, फणस आणि शिरीष आहेत. माघात पानगळ सुरू झाली की रोज पोतंभर पाचोळा निघतो. गेल्या वर्षी ढीग घातला, पण पावसाळा आला तरी पानं जशीच्या तशी. शिवाय सापांची भीती. यंदा पेटवून द्यावा काय?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : पेटवू नका. तुमचा ढीग कोरडा राहिला, म्हणून कुजला नाही. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडची हवा सुकी असते आणि आंब्या-फणसाच्या पानावर मेणचट थर असतो. वरून पाइपनं मारलेलं पाणी कौलावरून ओघळावं तसं खाली निघून जातं आणि मधली पानं ठणठणीत कोरडी राहतात. तेव्हा पानं आधी भिजवायची, मग रचायची.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी घेऊन तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल कुंपण करा. तळाला फरशी नको, माती हवी. जाड पानं चुरून टबात रात्रभर भिजत घाला. वीतभर पानांचा थर, त्यावर घमेलंभर जुनं शेणखत, पुन्हा थर, असं वरपर्यंत भरत जा आणि शेवटी ओलं पोतं झाका. आठ दिवसांनी खुरप्यानं मधला मूठभर पाला काढून दाबून बघा. तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. महिन्यातून एकदा दाताळ्यानं खालचं वर करा. मृगाचा पाऊस लागला की वर पत्रा तिरका टाका. ढिगात पाणी भरलं की हवा कोंडते आणि आंबूस घाण वास सुटतो. शिरीषाची बारीक पानं तीनेक महिन्यांत मोडतात, आंब्या-फणसाला सहा ते आठ महिने द्यावेच लागतात. दिवाळीच्या सुमारास चाळून वाफ्यात घाला. उरलेला जाडाभरडा भाग नव्या ढिगाला विरजण म्हणून ठेवा.

साप बहुतेक वेळा उंदरांच्या मागं येतो. ढिगात शिळं अन्न, भाकरीचे तुकडे टाकले नाहीत तर उंदीर फिरकत नाहीत. तरी घोणस वाळक्या पानांत दिसतच नाही, म्हणून ढीग घराच्या भिंतीला लागून नको. काम दाताळ्यानं आणि पायांत बूट घालून करा. नुसता हात कधीच घालू नका.

आणखी एक. वळवाच्या पावसानंतर राधानगरी-दाजीपूरकडं जे काजवे दिसतात, त्यांच्या अळ्या ओलसर मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. आपल्या बागेतला पाला जाळला की हीही सोय जाते.

प्रश्न : शेणखताच्या ढिगात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. शेजारी ऊस आहे. ही उसाची मुळं खाणारी हुमणीच ना? औषध घालू का?
– एक शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : आधी ओळख पटवा. एक अळी सपाट जमिनीवर ठेवून मिनिटभर बघा. उताणी होऊन पाय वर करून पाठीवर सरकत गेली, तर ती फुलभुंग्याची. ती कुजलेलं खाते, मुळांना लागत नाही. तिला ढिगात राहू द्या, खत बारीक करायला तिची मदतच होते. कुशीवर वळून इंग्रजी सी अक्षरासारखी पडून राहिली, तर हुमणी समजा. अंगठ्याएवढी जाड, तपकिरी डोक्याची आणि पाठीवर न चालणारी असेल, तर गेंडा भुंग्याची शक्यता धरा. तो नारळाचा कोंब पोखरतो. या दोन्ही वेचून काढा. ढिगावर औषध ओतलं तर गांडुळंही मरतात.

हुमणीचा खरा बंदोबस्त वळवाच्या वेळी होतो. पहिला दमदार पाऊस पडला की तिचे पूर्ण वाढलेले भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या बांधावरही त्याच दिवसांत व्हायला हवं.

प्रश्न : कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके होते, आता त्यांच्या हिरव्या अळ्या झाल्या आहेत. नीम तेल फवारू का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : फवारू नका. कढीपत्त्याची पानं आपण खातो, आणि या अळ्या फुलपाखरांच्या आहेत. बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम. लहानपणी विष्ठेसारखं दिसणं ही त्यांची पक्ष्यांपासून वाचायची युक्ती. काडीनं हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दुहेरी, शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेला ब्ल्यू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतो. झाड डोक्याएवढं असेल तर खाऊ द्या, नवी पालवी फुटते. रोप दोन फुटांपेक्षा लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा.

प्रश्न : जांभळाच्या बिया वाळवून वर्षभर डबीत ठेवल्या, एकही उगवली नाही. बहाव्याचंही तेच.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दोन्हींची कारणं उलट आहेत. जांभळाची बी वाळली की मेली. फळ खाल्लं की गर धुऊन दोन-चार दिवसांत पिशवीत लावा. कढीपत्त्याचंही तसंच. बहाव्याची बी वर्षभर टिकते, पण कवच इतकं कठीण की पाणी आत शिरत नाही. काळ्या शेंगा आत्ता झाडावर आहेत. बीची एक बाजू पॉलिश पेपरवर आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरा, बाकीच्या पुन्हा घासा.

पिशवीत दोन भाग माती, एक वाळू, एक पानांचं खत. रोप त्याच पावसात जमिनीत घालू नका, वर्षभर सांभाळा. खड्डा मे महिन्यात दोन फूट खणून तापू द्या. नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं रोप वीतभर उंचवट्यावर लावा. पन्हाळ्याकडच्या जांभ्यात माती उथळ असते, तिथं खड्डा खतमातीनं भरावाच लागतो.

प्रश्न : बुलबुलनं टांगत्या कुंडीत घरटं केलंय. पाणी कसं घालू?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. तोवर वरून पाणी नको. कुंडीखाली बशी अडकवून, पक्षी चरायला गेल्यावर तिच्यात पाणी घाला. कुंडी मात्र जागेवरून हलवू नका.