थ्रीडी स्कॅनवरून वस्तू ओळखण्यासाठी जुन्या भूमितीय पद्धती शिकाव्यात, की थेट डीप लर्निंगकडे वळावे?

जुन्या पद्धती अवश्य शिकाव्यात. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कारखान्यात याच प्रश्नावरून माझा बराच काळ वाद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथे यंत्रमागाचे सुटे भाग बनतात. मागाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला बसणारी बिडाची ब्रॅकेट एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात: वजन तेच, भोकांचा व्यास तोच, दोन भोकांमधले अंतरही तेच. ग्राइंडिंगनंतर ती एकाच ट्रेमध्ये येत, आणि स्कॅन करून ती वेगळी करायची होती. प्रकल्पप्रमुखांनी नेटवर्क (नमुने पाहून शिकणारा डीप लर्निंगचा प्रोग्रॅम) शिकवायचे ठरवले आणि नमुने अपुरे असल्यामुळे प्रत्येक स्कॅन फिरवून, सरकवून व आरशात उलटवून त्यांची संख्या वाढवली. डावे ब्रॅकेट आरशात उलटवले की उजव्याचाच आकार तयार होतो, पण त्यावर लेबल मात्र ‘डावे’ असेच राहिले. त्यामुळे दोन्हींत फरक करायचा नाही, हेच नेटवर्क शिकले. मी हे लक्षात आणून दिले, तेव्हा ‘नमुने वाढवा, आपोआप सुधारेल’ असे उत्तर मिळाले. त्याच पद्धतीने वाढवलेल्या नमुन्यांतून गोंधळच वाढणार होता, हे माझे मत आजही कायम आहे.

मी अँड्र्यू जॉन्सन यांनी १९९७ च्या प्रबंधात मांडलेली स्पिन इमेज वापरली. स्कॅन म्हणजे पृष्ठभागावरच्या बिंदूंचा संच; त्यातल्या एका बिंदूचा नॉर्मल, म्हणजे तिथे पृष्ठभागाला लंब असलेली रेषा, घ्यायचा आणि आसपासचा प्रत्येक बिंदू त्या रेषेपासून किती दूर आणि स्पर्शप्रतलापासून (त्या बिंदूपाशी पृष्ठभागाला टेकणाऱ्या सपाट प्रतलापासून) किती वर किंवा खाली आहे, एवढेच नोंदवायचे. नॉर्मल ही बिजागरी मानली, तर तिच्याभोवती फिरणाऱ्या दाराला जिथे जिथे बिंदू लागतात, तिथे त्यांची खूण उमटते. वस्तू कशीही ठेवली तरी हे चित्र बदलत नाही. मात्र ही अंतरे आरशातही तीच राहत असल्यामुळे केवळ स्पिन इमेजवरून डावे-उजवे कळत नाही. निवाडा पुढच्या पायरीवर होतो: जुळलेल्या बिंदूंवरून कॅड मॉडेल (भागाचा संगणकावरचा थ्रीडी आराखडा) स्कॅनवर ठेवायचे आणि बेस्ल व मॅके यांच्या १९९२ च्या आयसीपी (सर्वात जवळचे बिंदू पुन्हा पुन्हा जुळवत जाण्याच्या) पद्धतीने ते नेमके बसवायचे. नुसत्या फिरवण्या-सरकवण्याने डाव्याचे उजवे होत नाही. चुकीचे मॉडेल ठेवले की बोल्टचा कान भलत्याच बाजूला पडतो आणि अंतर शिल्लक राहते. ते अंतर पडद्यावर रंगांत दाखवल्यावर सुपरवायझरलाही निर्णय का झाला हे समजत होते. नमुन्यांचा ढीग लागला नाही, कॅड फाइल पुरली.

मशीनिंग केलेल्या चकचकीत भागावर स्कॅनमध्ये भोके पडतात आणि उन्हात इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा ठिपक्यांचा नमुना पुसट होतो. पहिल्यावर डेव्हलपर स्प्रेचा पातळ पांढरा थर आणि दुसऱ्यावर शेडच्या उन्हाकडच्या बाजूला पडदा, हे उपाय आम्ही केले. कोणतीही पद्धत निवडली तरी ही कामे चुकत नाहीत.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. आमच्याकडे ठराविक वस्तू होत्या आणि त्यांची मॉडेल हाताशी होती. ‘ही कोणतीही खुर्ची आहे का’ असे ओळखायचे असेल, तर तिथे जुन्या पद्धती मागे पडतात आणि २०१७ च्या पॉइंटनेटपासून सुरू झालेली, थेट बिंदूंवर शिकणारी नेटवर्क सरस ठरतात. तरीही स्वच्छ कॅड मॉडेलांच्या मॉडेलनेट४० या संचावर मिळालेले गुण पाहून हुरळून जाऊ नये. २०१९ च्या स्कॅनऑब्जेक्टएनएन या खऱ्या स्कॅनच्या संचाने तेच नेटवर्क किती घसरते, हे दाखवून दिले आहे.

म्हणून आधी नॉर्मल, मग जुळवणी, मग पॉइंटनेट अशा क्रमाने शिका. आणि कोणी नमुने वाढवण्याचा आग्रह धरला, तर त्या वाढवण्यात आरसा आहे का, हे पहिल्यांदा विचारा.